व्याह्यांना चालणारा पेपर

चि. बिंदुमाधव यास बेंगळूरहून नरसिंहमामाचे भरभरून आशीर्वाद. घोषणा देऊन बसलेला तुझा घसा उघडला का? अक्काची, म्हणजे तुझ्या आईची, कंबर कशी आहे? इकडे आम्ही खुशाल. खुशाल कसले, हवेत आहोत! माझ्या नातीचं, निवेदिताचं जमलं! पण कसं जमलं ते ऐक.

मुलगा सुमंत, इलेक्ट्रॉनिक सिटीत तिच्याच कंपनीत, लाखात एक. त्याचे वडील वादिराज मात्र तू ज्यांच्या कचेरीत बसतोस त्या साहेबांचे कट्टर भक्त. 'नगरघोष' सोडून दुसरा पेपर हातात धरत नाहीत, आणि आपल्याकडे पहिल्यापासून 'संपिगे' (माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं त्यानेच शिकवलं). मध्यस्थ म्हणाला, "अण्णा, 'संपिगे' विरोधकांचा. टीपॉयवर दिसला तर माणूस कॉफी न पिता उठेल." पोरीपुढे पेपर तो काय! 'नगरघोष' लावला, 'संपिगे'ची रद्दी दिवाणाखाली ढकलली.

काल मंडळी आली. 'नगरघोष' पाहताच वादिराजांच्या कपाळाला आठ्या! "असला विकाऊ पेपर घेता? सरी, ठीक आहे, मग आम्हाला स्वल्प विचार करावा लागेल." माझ्या हातातलं चिरोट्यांचं ताट कलंडलं. झालं होतं असं, की साहेब परवाच पक्ष बदलून पलीकडे गेलेले (तू सोबत होतास, मामाला एक फोन करवला नाही?). दोन्ही पेपर आपापल्या जागी होते रे, वाचणाराच कूस बदलून बसला!

निवेदिताचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात तुझी मामी वाकली आणि दिवाणाखालून गठ्ठाच ओढला. "आम्ही हाच वाचतो. तो चिरोट्यांखाली घालायला आणलाय." वादिराज विरघळले. धूळ झटकून त्यांनी गेल्या महिन्यातला अग्रलेख मोठ्याने वाचायला घेतला, तर त्यात साहेबांनाच लबाड म्हटलेलं! ते मात्र शांतपणे म्हणाले, "बरोबरच आहे. तेव्हा साहेब चुकीच्या पक्षात होते." आणि आणखी एक चिरोटी उचलली.

रविवारी साखरपुडा. अक्काला घेऊन आधीच ये.

तुझा,
नरसिंहमामा

ता. क. साहेब नव्या पक्षातही रुसलेत असं आज दोन्ही पेपरांत आहे. बाबा रे, रविवारपर्यंत त्यांना जागचं हलू देऊ नकोस. हवं तर आमच्याकडच्या चिरोट्या पाठवतो.

आणखी एक. त्यांनी नाहीच ऐकलं, तर निदान शनिवारी फोन कर. पेपर टाकणाऱ्या बसवंतला दोन्ही आणायला सांगितलंय. वर कुठला ठेवायचा, तेवढं तू सांग.