दाजींचा आठ नंबर

सावेडी, नगर
१७ एप्रिल, दुपार

चि. कानिफनाथ,

तुला आशीर्वाद, आणि तू पाठवलेल्या बुटांच्या यादीला साष्टांग नमस्कार. फोनवर बोलणं जमेना, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

लग्न एक, बूट तीन! निळ्या सुटावर तपकिरी, शेरवानीवर मोजडी, रिसेप्शनला काळे चकचकीत. तीस वर्षं संस्कृत शिकवतोय, सहाही ऋतूंची वर्णनं पोरांकडून घोकून घेतली. पण कोणत्या ऋतूत कोणतं पादत्राण, हे एकाही पंडिताने लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा हे माझं स्वतंत्र भाष्य: नऊ मेच्या उन्हात, मिरजगावच्या मांडवात, ते मखमलीसारखे सुएडचे बूट घालू नकोस. ते थंडीचे. त्यात धूळ बसली की सुकन्याला संसाराच्या पहिल्याच दिवशी ब्रश हातात घ्यावा लागेल. पातळ चामड्याचे घे, बिननाडीचे. नवरदेवाला पाया पडायला दहा ठिकाणी बूट काढावे लागतात.

घेतला मात्र एकही जोड नाही. का, ते सांगायलाच हवं.

काल दाजी, म्हणजे तुझे तीर्थरूप, मुद्दाम त्यासाठी एसटीने आले. म्हणाले, "पोराचा आन् माझा पाय येकच, आठ नंबर. मी घालून बघतो, त्याला बेंगलोरहून कशाला बोलवायचं?" सहादेवच्या बुटांच्या दुकानात गेलो. दाजींनी पाय पुढे केला. सहादेव त्यांचा कॅनव्हासचा बूट ओढायला लागला. निघेना.

"दादा, पाय ढिला सोडा की."

"सोडलाय. वढ तू."

त्याने जोर लावला आणि बूट हातात आला. बुटाच्या तळातून बोटभर बाभळीचा काटा आत घुसलेला. मोजा लाल. सकाळी विहिरीवर मोटार बंद करायला गेले तेव्हा भरला असणार. म्हणजे घर, एसटी, बाजार, सगळं त्या काट्यावरून चालत. सहादेव बूट उलटा करून बघत राहिला. आणि दाजी आमच्या तोंडाकडे बघत विचारतात, "काय रं, गप का झाले? नंबर बसंना व्हय?"

कानिफ, त्यांना काही कळलंच नव्हतं.

मोजा काढला. काटा त्या सकाळचा होता, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं, ते कधीचं कोण जाणे. तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव गेलीय. दोन बोटं दोन दिवसांत काढली तर पाय वाचेल. लग्नापर्यंत थांबलात तर पायाची खात्री देत नाही.

दाजी ऐकत नाहीत. "वरबाप मांडवात हुभा ऱ्हायला पायजे. नऊ तारखेनंतर काय कापायचं ते कापा." तुझ्या आईला, आमच्या बायडाताईला, 'काटा मोडला' एवढंच सांगितलंय. आणि तुला कळवणार नाही, अशी माझ्याकडून तिच्याच गळ्याची शपथ घेतलीय.

आता माझं. दिवाळीत आमच्या अंगणात त्यांची एक चप्पल निसटली आणि ते तसेच फाटकापर्यंत चालत गेले. खडीवरून. मी टाळी वाजवून म्हणालो, "दाजी, विदेही झालात की हो!" सगळे हसलो, तूही हसलास. पाय तेव्हाच सांगत होता रे. मी त्यावर कोटी केली.

डॉक्टरांचं ते ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच. तुझं ऐकतील. लग्नाची तारीख तूच पुढे ढकल. सुकन्याच्या घरी मी स्वतः जाऊन बोलतो. तू मिळेल त्या गाडीने नीघ. शपथ मोडली म्हणून दाजी माझं तोंड पाहणार नाहीत, ते मी सोसेन.

त्यांनी दोन्ही पायांनी चालत माझ्या दारात यावं आणि मला मनसोक्त शिव्या घालाव्यात, एवढंच देवाजवळ मागणारा,

तुझा मामा
गहिनीनाथ