धुक्यातली उघाडी

परळ, १५ जानेवारी १९७९

ती. हंसाकाकूस शत्रुघ्नचा सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. नथूकाकांनी कॅमेऱ्याची पेटी विरार स्टेशनापर्यंत वाहिली, बिचारे दमले असतील. तानसा नदीवरचं धुकं अप्रतिम! गावाला मात्र त्याचं सोयरसुतक नाही. खारं पाणी अडवणारी बांधातली ती उघाडी कुणी बांधली, हेसुद्धा कुणाला सांगता येईना. तिचा इतिहास आता मलाच लिहावा लागणार. तिची झडप पुढ्यात लोंबत होती, अगदी भिकार. बांबूचा टेकू देऊन वर केली, तेव्हा कुठे फोटो जमला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा शत्रुघ्न

खानिवडे, २० जानेवारी

चि. शत्रुघ्नास आशीर्वाद.

इतिहासकारसाहेब, ती झडप ओहोटीला पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की आपोआप मिटते. तुझ्या टेकूमुळे ती मिटलीच नाही. दुपारी उधाणाचं पाणी आत शिरलं. आमचा आणि जिजावन्संचा वाल उभा जळला. जमिनीतला खार धुऊन जायला दोन पावसाळे लागतील, तोवर भात नाही.

त्या दिवशी उघाडी राखायची पाळी आमच्या घराची होती आणि राखणारे तुझी पेटी वाहत होते. अठ्ठावीसला गावबैठक आहे. सगळे यांनाच दोष देतायत. टेकू तू लावलास, एवढं येऊन सांग, नाहीतर दोन ओळी लिहून पाठव. बाप गेल्यावर यांनीच तुला वाढवलं. एवढं तरी जमेल ना?

तुझी काकू

परळ, २५ जानेवारी

ती. काकूस सा. न.

फोटोला आमच्या कॅमेरा क्लबचं पहिलं बक्षीस मिळालं! अठ्ठावीसलाच प्रदर्शन आहे, त्यामुळे येणं अशक्य. आणि अशा वेळी लेखी कबुली बरी दिसत नाही. गावच्या बैठका मला ठाऊक आहेत, तंबाखू मळायची आणि चहा पिऊन उठायचं. वाल काय, पुन्हा पेरता येतो. फोटोची मोठी प्रत धाडतो, काकांना आवडेल.

राग धरू नये.

शत्रुघ्न

खानिवडे, ३० जानेवारी

चि. शत्रुघ्नास,

आशीर्वाद यांचे आहेत, माझे समजू नकोस.

बैठकीत मी तुझं नाव घेणार, तेवढ्यात हे उभे राहिले. टेकू मीच लावला, काढायला विसरलो, म्हणाले. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेली पाळी गावाने काढून घेतली. जिजावन्सं माझ्याशी बोलत नाहीत.

तुझा फोटो यांनी देवांशेजारी लावलाय. आमच्या शत्रुघ्नाने काढला, म्हणून येईल त्याला दाखवतात. मला त्या धुक्याची शिसारी येते, तुझी तर येतेच.

शिमग्याला येणार का, असं यांनी विचारायला सांगितलंय. ये. हे स्टेशनावर न्यायला येतील, त्यांना मी अडवणार नाही. माझ्या हातचा घास मात्र तुला मिळायचा नाही.

हंसा