दरवर्षी लांब जाणारं विमानतळ

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी पाठ आता बरी असेल. आम्ही ठीक आहोत, म्हणजे बाबा सोडून. फोनवर बोलायला लागलं की ते शेजारी येऊन बसतात, म्हणून ईमेलवर लिहून पाठवतेय.

तुझ्यावर कुणीही रागावलेलं नाही (मी थोडी आहे, पण मला कोण विचारतं). गोंधळ फक्त अंतराचा आहे. तीन वर्षांपूर्वी तुला यायला बावीस तास लागायचे, गेल्या वर्षी तीस, आणि आता पूर्ण दोन दिवस लागतात म्हणालास. हे ऐकून बाबांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल उतरवला. शाळेत जायच्या आधी आपण दोघं ज्याच्यावर शिकलो, तोच. दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, पट्टीवर धरला. नजर अंधूक झालीय म्हणून आकडा मी वाचला. दोरा पूर्वी मोजला होता तेवढाच भरला. बाबा म्हणाले, गोल जुना झालाय. आई आतून म्हणाली, "गोल नाही, तुमचा मुलगा जुना झालाय." त्यावर बाबांनी विमानाला समोरून अडवणाऱ्या वाऱ्यावर मला पाऊण तास शिकवलं, मी वही घेऊन बसले.

मला राहवेना. विमान कंपनीचं वेळापत्रक तीनदा तपासलं: बारा हजार सहाशे चाळीस किलोमीटर, हवेत पंधरा तास, मधे थांबा अडीच तासांचा, एकूण साडेसतरा. मोठ्या अक्षरांत छापून बाबांपुढे ठेवलं. जन्मभर मुलांना छापील तेच खरं असं शिकवत आलेला हा माणूस म्हणाला, छपाईत चूक असेल.

हसून सोडून दिलं असतं. पण हृदयाची झडप महिनाभरात बदला, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि बाबा तारीखच घेऊ देत नव्हते. "येण्याजाण्यात त्याचे चार दिवस जातात, त्याला मोठी रजा मिळाली की करू," असं त्यांचं दोन महिने चाललं होतं. तुझे दोन दिवस त्यांच्या छातीवर बसलेत, दादा. आणि तू खोटं बोलतोस हे त्यांना मी सांगायचं, तर तेवढं मन घट्ट करायला मला कुणी शिकवलेलं नाही.

तू मात्र दगदग करून येऊ नकोस.
तुझी,
धाकटी

ता. क. शस्त्रक्रिया परवा, बुधवारी सकाळी. उद्या, इथल्या सकाळी, तू विमानात बसतोयस असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. तुझ्याच हिशेबाने तू गुरुवारपर्यंत हवेत आहेस. तोवर चुकूनही फोन करू नकोस. गुरुवारी काय सांगायचं ते तू ठरव, मला एवढंच खोटं जमलं.

ता. क. २. उद्याच्या विमानाने कुणी खरोखरच निघालं, तर ते बाबांना आत न्यायच्या आधी पोचतं. आत्ता पाहिलं, अकरा जागा शिल्लक आहेत. पत्र लिहायला बसले तेव्हा चौदा होत्या.