इंजिनाला हार घातला, चाक नाही फिरवलं

अहो,

जन्मात कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर तरी कशाला घेऊ? सुनील आज सकाळी मुंबईला परत गेला. हातखंब्यावरून गाडी पकडतो म्हणाला. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला आज घास उतरायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचं इंजिन गेलं हो.

बोट पावसाळ्यासाठी वर ओढलीत आणि दुसऱ्याच दिवशी असे झटक्यात निघून गेलात! इंजिनाची सगळी कामं तशीच राहिली. दरवर्षी तुम्ही गोडं पाणी फिरवून त्याच्या पोटातलं खारं पाणी धुऊन काढायचात, तेल बदलायचात, धुराच्या नळीत तेलकट फडक्याचा बोळा कोंबायचात. मग पाऊसभर दर मंगळवारी छत्री घेऊन जायचात आणि हातानं त्याचं चाक फिरवून यायचात. "बंद पडलेल्या इंजिनाला मेलं काय गोंजारता?" मी विचारायची. "फिरवलं नाय तर आतून गंजून धरतं," एवढंच म्हणायचात. पुढे विचारलं की, "तुला काय करायचंय?"

बाईमाणसानं हात लावायचा नाही. सुनीलनं लावला तर अंगावर खेकसायचात. एवढा कसला हो जीव त्या लोखंडावर? पोराच्या हातात एकदा पाना दिला असतात तर काय बिघडलं असतं?

तुमच्या मागे आम्ही काय केलं, सांगू? इंजिनाच्या पेटीवर तुमचा पंचा होता तसाच ठेवला. दर मंगळवारी मी आणि तुमची बहीण शांता जाऊन पेटीला हार घालायचो, उदबत्ती लावायचो. "भाऊच्या वस्तूला हात नको हां," शांता म्हणायची. अख्खा पाऊस आम्ही दोघी हात जोडून उभ्या, आणि उघड्या नळीतून आत पाणी जातंय! मंगळवार आठवला, चाक नाही आठवलं. तुम्ही असतात तर शिव्यांची लाखोली वाहिली असतीत.

सुनील नारळी पौर्णिमेला आला तो नोकरी सोडूनच. मॉलच्या दारावर उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासायला कंटाळला होता. "आई, यंदा बोट मी पाण्यात घालतो," म्हणाला. किती दिवसांनी त्याचं तोंड असं उजळलेलं बघितलं! दर्याला नारळ दिला आणि पेटी उघडली. चाक हलेना. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आत डिझेल ओतून बरेच दिवस भिजत ठेवलं, मग पहार लावून रेटून बघितलं. शेवटी सगळं खोललं, तर इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर. "काकी, आतून पार कुजलंय. आता भंगारातच जायचं."

सुनील हात धुवायला गेला तो कितीतरी वेळ नळाशीच बसून राहिला.

बाकीच्यांच्या बोटी गेल्या. पहाटे त्यांची इंजिनं ऐकू येतात आणि मी कुशीवर वळते. आपली तेवढी माडाच्या झापांखाली पडून आहे. नवं इंजिन कुठलं आणायचं आम्ही?

आज निघताना पायांत चप्पल घालता घालता सुनील म्हणाला, "बाबांनी मला कधी काय दाखवलंच नाय." रागानं नाही हो, सहज म्हणाला. तेच मला जास्त लागलं. एरवी मी तुमची बाजू घ्यायची, आज नाही घेतली. असं पहिल्यांदाच झालं बघा.

तुम्ही फोनवर त्याला दरवेळी म्हणायचात, "ये रे परत, बोट तुझीच आहे." तुम्ही गेल्यावर मीही तेच म्हणत होते. आता तुम्हाला शब्द देते, यापुढे म्हणणार नाही. त्याचा फोन आला की जेवलास का विचारीन, तब्येत विचारीन, इथे सगळं बरं आहे म्हणून सांगीन. पण 'परत ये' एवढं या तोंडातून निघायचं नाही. तो मुंबईतच राहू दे. इथे आता त्याला कशासाठी बोलावू?

तुमचीच,
सुनीलची आई