गोधडीचे टाके

गुंडू,

शेळीनं खाल्लेलं विमानाच्या पंखाचं कापड मी शिवून ठेवलंय. बत्तीस टाके पडले. मुंबईचा मिस्त्री बोलवायला पैसे उरले नाहीत, म्हणून "अक्का, तुझा हात लई बारीक हाय की" म्हणत तू गोधड्या शिवणाऱ्या बहिणीला या कामाला लावलंस. विमान घेताना सांगोल्याची जमीन गेली, मग पेट्रोलच्या डब्यांपायी दोन म्हशी गेल्या. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण माझे टाके गोधडीचे रे. गोधडी उसवली तर माणसाला थंडी वाजते, एवढंच.

आज उडू नकोस म्हटलं, तर तू हसलास. आता चुलीपाशी बसून वाट बघणं माझ्यानं होणार नाही. भाकरी टोपल्यात आहे, पिठलं झाकून ठेवलंय. खाऊनच माळावर ये. मी विमानाच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसते. जिन्यावरून खाली बघितलं तरी मला घेरी येते, पण तू ओढलंस तरी उतरणार नाही. शिवणारीच मागं बसलेली दिसली, तर निदान एकदा टाके ओढून बघशील.

अक्का