न प्यालेलं दूध

सोमवार, १२ जानेवारी १९९८
कोल्हापूर

लिहितानाही हसू येतंय. न प्यालेल्या दुधाचा कुणाला एवढा अभिमान वाटतो का?

लग्नाला पाच वर्षं झाली. तपासण्या माझ्या, उपास माझे, सासूबाईंचे टोमणेही मलाच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, क्लॅमिडिया नावाचा, शरीरसंबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग आहे. वरून काही त्रास जाणवत नाही, पण आतल्या आत गर्भनलिका सुजतात आणि दिवस राहत नाहीत. गोळ्या दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा होतो. आणि गोळीबरोबर दूध नको, औषध नीट लागू पडत नाही.

दूध नको, हे आमच्या ह्यांना सांगायचं! रोज संध्याकाळी तालमीतल्या मित्रांबरोबर कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा माणूस.

आज मीही बरोबर होते. गवळ्याने फेसाळलेला ग्लास पुढे केला, ह्यांनी तो बाजूला सारला. मित्राने विचारलं, "आजारी हाईस व्हय?" मला वाटलं, आता पोटाचं कारण सांगणार.

"मूल होत न्हाय आमाला. दोघांचं औषध चालू हाय," हे म्हणाले. खिशातली गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

ग्लास तसाच, भरलेला.

हा संसर्ग कुणाकडून कुणाला आला असेल? विचारावं का? लग्नाआधीचा, जुनाही असू शकतो, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. सुजलेल्या नलिका सुधारतील का, तेही ठाऊक नाही.

पण पाच वर्षं मूल मला होत नव्हतं. आज भर कट्ट्यावर, सगळ्यांदेखत, ते आम्हाला होत नाही.