वर कोण चालतंय?

ता. १४, रविवार, दुपार

दादा,

परत तेच! "वरच्या खोलीला दार नाही, नुसती चौकट उभी आहे, पडदा लावून किती दिवस काढायचे, धाकट्याला काही वाटतं की नाही" असं तू आईच्या तोंडून वदवून घेतोस. स्वतः फोनवर येत नाहीस. आई बिचारी शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणते, मधेच विसरते, आणि मागून तू हळूच पुढचा शब्द सांगतोस. तो मला ऐकू येतो, दादा. माझे कान आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. मागचं, खालचं, दबलेलं सगळं ऐकू येतं. हे कसं झालं ते आज सांगणार आहे. तीन महिने पैसे का आले नाहीत, तेही त्यातच येईल.

मी बरा आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आईला जिना चढायला लावू नका.

शुद्धलेखन बघत बसू नकोस. चौथीतून पळालेला माणूस जेवढं लिहितो तेवढंच येणार. कधी फोनवर आलासच तर तू "हं, हं" करतोस आणि ठेवून देतोस. कागदाला हं हं करता येत नाही, म्हणून कागद.

तुला माहीत आहे, मी हॉटेलच्या तळघरात इस्त्रीला आहे. टेबलावरच्या चादरी, रुमाल, वेटरांचे शर्ट. खिडकी नाही. वाफ इतकी की भिंतीसुद्धा घामेजतात. माझ्या जोडीला घड्या घालणारी एक मावशी आहे, तिची जीभ माझ्या इस्त्रीपेक्षा गरम. आमच्या डोक्यावर बरोबर मोठा हॉल, त्याची जमीन लाकडाची.

नवीन होतो तेव्हा रोज दुपारी वर कोणीतरी चालायचं. धुम, धुम, धुम, धुम. थकत नाही, थांबत नाही, भरभर जाऊन पुन्हा मागे येतो. मी मावशीला म्हटलं, "वर हा कोण जाडा माणूस येरझाऱ्या घालतो? बायको बाळंत होतेय की काय त्याची?"

मावशी हातातली चादर टाकून हसायला लागली. "अरे येड्या, वाद्य आहे ते! तालीम चालते त्यांची. जॅझ म्हणतात."

इस्त्रीच्या फुस्स आवाजात मला 'जाच' असं ऐकू आलं. म्हटलं, बरोबर नाव ठेवलंय.

पण माणूस वर चालतोय म्हटल्यावर हळूहळू आपलेही पाय चालायला लागतात. माझी इस्त्री त्याच्या पावलावर फिरायला लागली. चार पावलं पुढे, चार मागे, चादर सरळ. कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे जरा रेंगाळतो, सगळं पाठ झालं. एक चाल तर अशी होती की ती सुरू झाली की मला घरच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटायचं. पिठाच्या गिरणीपासून टेलरच्या दुकानापर्यंत. दुकानापाशी जरा रेंगाळून पुढे.

टेलरचं नाव आत्ताच आलं, आता लगेच पान फाडू नकोस. पुढे वाच.

एक दिवस पांढऱ्या केसांचे एक काका शर्ट हातात घेऊन खाली आले. दारातूनच ओरडले, "कोण रे तो, माझ्या बाह्यांना खळ घालणारा? मनगट फिरत नाही माझं! बटण लाकडावर आपटतं!"

मी म्हटलं, "ते टक् टक् बटण होतं होय? मला वाटलं गाण्यातच आहे. छान लागत होतं."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तू खालून काय काय ऐकतोस?"

"तुम्हालाच."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

इतके हसले की खोकला आला. वर चौघं वाजवतात, दादा! पियानो आहे, ड्रम आहे, पुढे पितळी सॅक्सोफोन फुंकणारा एक सॅक्सवाला. आणि हे काका मागे उभे राहून माणसापेक्षा उंच, पोट सुटलेल्या व्हायोलिनसारखं काहीतरी बोटांनी ओढतात. त्याला बेस म्हणतात. पावलं त्यांचीच. मी येरझाऱ्यांचं सांगितलं तर म्हणाले, "आम्ही पण त्याला चालणंच म्हणतो. तुला कोणी शिकवलं?"

तेव्हापासून माझं खूळ सुरू झालं. काका चालींची नावं कागदाच्या कपटावर लिहून द्यायचे, मी मोबाईलवर शोधायचो. पण मोबाईलच्या स्पीकरमधून बेस येतच नाही रे. वरचं सगळं चकचकीत वाजतं आणि खाली भोकच. एकदा मी मोबाईल रिकाम्या टबमध्ये ठेवला, जरा घुमेल म्हणून. मावशी म्हणाली, "आंघोळ घालतोयस का त्याला? साबण देऊ?" शेवटी मी वरचं मोबाईलला गाऊ द्यायचो आणि खालचं आपणच तोंडाने घालायचो.

याच दिवसांत आईचा फोन आला. "दादाचं घाईत उरकलं रे, तुला सुट्टी मिळाली नसती म्हणून कळवलं नाही. वहिनी गुणाची आहे हो तुझी."

मी तळघरात नाचलो, दादा. खोटं वाटेल तुला. सगळ्यांना मिठाई वाटली. मुकादमालाही दिली, तो तर कुणाचं पाणी पीत नाही. मावशीने विचारलं, "मुलगी कोण?" मी म्हटलं, "वहिनी आहे! अजून काय पाहिजे?"

मग मीच आईला म्हटलं, वहिनींना दे, मला बोलायचंय. हातातून हातात फोन गेल्याचं ऐकू आलं. बांगड्या ऐकू आल्या. मग ती म्हणाली, "भावजी, बरे आहात ना?"

स्पीकर कितीही भिकार असू दे. तो आवाज मी टबातून ओळखला असता, भिंतीआडून ओळखला असता. त्याच आवाजाने मला 'ए उचापत्या' म्हणून हाक मारलेली आहे, टेलरच्या दुकानाच्या फळीवरून, मशीनचा पाय न थांबवता. आता भावजी. मी म्हटलं, "बरा आहे." मागे तू खाकरलास.

टेलरच्या मुलीसाठी माझी बोलणी करायला मी तुला पाठवलं होतं, दादा. टेलरसमोर माझी जीभ वळणार नाही, तू मोठा, तुला नीट बोलता येतं, म्हणून. मी म्हटलं होतं, "वरची खोली पुरी झाली की लगेच येतो, एवढंच सांग." तू काय सांगितलंस मला माहीत नाही. तिला कोणी विचारलं का, तेही माहीत नाही. मी विचारणार नाही. पण त्या खोलीची एकेक वीट मी इथे चादरी भाजून पाठवली आहे, आणि आता तिथेच पडदा लावून राहणं जड जातंय म्हणून तू मला दार मागतोस!

बस. हे इथेच सोडतो.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी वर बोलावलं. हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम असतो, लोक चहा पीत ऐकतात. मी स्वतःच्या शर्टाला पहिल्यांदाच इस्त्री केली आणि मागे उभा राहिलो. माझी आवडती चाल निघाली, ती गिरणीपासूनची. आणि मला ती ओळखूच येईना. पुढे सॅक्सवाला छाती काढून उभा, सगळं गाणं त्याचंच, सगळे डोळे त्याच्यावर. म्हटलं, हा कोण माझ्या गाण्यावर चढून बसलाय? डोळे मिटले तेव्हा कुठे खालून पावलं सापडली. होती, तिथेच होती. सॅक्सवाला वाटेल तिथे भटकत होता, कारण कोणीतरी रस्ता धरून चालत होतं.

मग बाकीचे थांबले आणि काका एकटे वाजवायला लागले. आता ऐका म्हटलं! तर लोकांनी बोलायला सुरुवात केली. कप वाजले. एकाने बिल मागितलं. सॅक्सवाला रुमालाने तोंड पुसत पहिल्या टेबलावरच्या बाईशी हसत होता.

मी ओरडलो. "गप्प बसा की! तो वाजवतोय ना!"

सगळा हॉल वळला. वेटरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, मीच इस्त्री केलेले शर्ट घालून.

काका नंतर खाली आले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "अरे, माझ्या वेळेला लोक बोलतातच. मी चुकणार नाही एवढा भरवसा असतो त्यांना."

भरवसा. मला रात्रभर तो शब्द टोचला. तुम्हा सगळ्यांचाही माझ्यावर तसाच आहे ना? महिन्याच्या पाच तारखेला धुम. पुढच्या पाचला धुम. मधे कोणी ऐकत नाही.

म्हणून थांबलो. पैसे चोरीला गेले नाहीत, मी आजारी नव्हतो, कामावरून काढलंही नव्हतं. आईला जे काही सांगितलं ते खोटं होतं. मी थांबलो होतो.

आणि बघ, महिन्यापूर्वी काकाही थांबले. सॅक्सवाल्याने मॅनेजरला सांगितलं होतं म्हणे, बेस नसला तरी भागेल, एका माणसाचा पगार वाचेल. काकांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी तालमीत ऐन मध्यावर पावलं बंद. मी खाली, हातात इस्त्री. माझ्यासाठी तर जगच बंद पडलं. वर म्हणे सॅक्सवाला थोडा वेळ तसाच तरंगला, अंधारात पायरी चुकल्यासारखा, आणि मग सगळंच कोसळलं. मग खुर्च्या सरकल्या, आरडाओरडा झाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा धुम, धुम.

मला राग आला. काका आले तेव्हा विचारलं, "परत कशाला सुरू केलंत? पडू द्यायचा होता त्याला!"

म्हणाले, "तो पडला त्याचं मला काही नाही. पण पियानोवाली नवीन आहे. तिचे हात माझ्यावर टेकलेले होते. ती पण पडली."

शर्ट दिला, बाह्यांना खळ न घातलेला.

परवा आईला विचारलं, गुडघ्याची गोळी चालू आहे ना? ती फार पटकन "हो" म्हणाली. मी गप्प राहिलो. गप्प राहिलं की माणूस बोलतं, हेही मी इथेच शिकलो. मग म्हणाली, "एक दिवसाआड घेते. तेवढ्याने भागतं रे." तुला दार मिळू नये म्हणून मी थांबलो आणि आईच्या गोळ्या अर्ध्या झाल्या. तू हे मला कळवलं नाहीस. दाराचं मात्र कळवलंस.

म्हणून उद्यापासून पुन्हा चालणार. पण तुझ्या हातातून नाही. पैसे पोस्टात आईच्या नावाने येतील, अंगठा तिचा, गोळ्या तिच्या. तू मधे पडू नकोस. मधे पडलास की काय होतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

मी गावी येणार नाही. एवढ्यात नाही. आलो तरी खालीच झोपेन. वर कोण चालतंय ते मला खालून ऐकू येईल, आणि ते मला ऐकायचं नाही.

आईला वाकून नमस्कार. आणि तो आवाज ओळखल्यापासून जो शब्द माझ्या स्वतःच्या हाताने टाळला, तो आता लिहितो, एकदा लिहिला की सवय होईल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा होता तो,
धाकटा

ता. क. दार तुझं तू कर. चांगल्या लाकडाचं कर, आणि कडी आतून लाव. आईला दरमहा तीन हजार. कडीचे दोनशे ऐंशी तेवढे माझ्याकडून, एकदाच.